खळ्यातली पहार आणि जानेवारीतला जवळचा सूर्य

या वेळची बरीचशी पत्रं सूर्यावर आहेत. एप्रिल-मे आला की हे होतंच. थंडीत कोणी सूर्याची चौकशी करत नाही. मी हवामानखात्यातला माणूस नाही. रत्नागिरी तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावात राहतो, सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवला, आता थोडी कलमं आणि हे पान सांभाळतो. सूर्याबद्दल जे काही स्वतः तपासलंय ते खळ्यात पुरलेल्या पहारीवरून. जमिनीवर बरोबर एक मीटर राहील अशी ती पुरली, ओळंबा लावून सरळ केली, आणि दुपारी सावली सर्वांत आखूड होते तिथे दर रविवारी चुन्याचा ठिपका देतो. पहिल्या वर्षी शहाणपणाने घड्याळातल्या बाराला ठिपके दिले. सरळ रेघ यायच्या ऐवजी अर्धवट, वाकडा आठाचा आकडा तयार झाला. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावरच्या वेळेने चालतं आणि आपण आहोत ७३.३ वर. अंशाला चार मिनिटं धरली तर आपली खरी दुपार ३७ मिनिटं उशिरा. त्यातही वर्षभरात पंधरा-एक मिनिटं मागेपुढे होतात, म्हणून सूर्य माथ्यावर येतो तो कधी १२.२० ला, कधी १२.५० ला. पत्रांमधले बरेच घोळ या पहारीपाशी सुटतात, म्हणून तिची ओळख आधी करून दिली.

प्रश्न : मुलीच्या पुस्तकात वाचलं की पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या सर्वांत जवळ असते. मी चुलीजवळ सरकले की शेक जास्त लागतो. मग जानेवारीत थंडी कशी? (एक गृहिणी, गुहागर)

उत्तर : ताई, चुलीचा दाखला चोख आहे, फक्त किती सरकलात ते पाहू. ३-४ जानेवारीच्या सुमारास सूर्य आपल्यापासून १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असतो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाखांवर. फरक ५० लाख किलोमीटरचा. ऐकायला केवढा तरी, पण शेकडा साडेतीनसुद्धा नाही. चुलीपासून तीन फुटांवर बसलेलं माणूस इंच-सव्वा इंच मागे सरकलं, एवढंच. तेवढ्याने शेक शेकडा सातच्या आसपास उतरतो. म्हणजे जानेवारीत अख्ख्या पृथ्वीला जुलैपेक्षा सात टक्के जास्त ऊन मिळतं, हे खरंच आहे. पण तेव्हा सूर्याकडे कललेला असतो दक्षिण गोलार्ध. ते जादा ऊन तिकडे पडतं, आणि तिकडे मुख्यतः समुद्र आहे.

तुम्हाला जी थंडी वाजते ती तिरकेपणाची. पृथ्वीचा आस २३.४ अंशांनी कललेला आहे आणि वर्षभर तो आकाशात एकाच दिशेला रोखलेला राहतो. त्यामुळे सहा महिने आपली बाजू सूर्याकडे झुकते, सहा महिने मागे रेलते. माझ्या पहारीची दुपारची सावली २२ डिसेंबरला ८५ सेंटिमीटर भरते, २१ मार्चला तीस, आणि मेच्या ७-८ तारखेला शून्य. पहार उभी आणि सावलीच नाही. त्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरं खळ्यात जमतात आणि एकमेकांच्या पायाखाली सावली शोधतात.

शून्य सावलीबद्दल पेपरात हल्ली येतं. त्यानंतर काय होतं ते मात्र कोणी लिहीत नाही. सूर्य आपल्याला ओलांडून उत्तरेला जातो आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या ४-५ तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला ती ११ सेंटिमीटर यायला हवी. हा ठिपका मला इतक्या वर्षांत दोनदाच देता आला. त्या तारखेला आमच्याकडे दुपारी सूर्य दिसेल तर शपथ.

आता पहारीशिवाय, घरातल्या घरात पाहता येईल असं. आमच्या माजघराच्या छपरात एका कौलाला भोक आहे. मेमध्ये त्यातून पडणारा दुपारचा कवडसा गोल असतो, अगदी रुपयासारखा नाही, पण गोल. डिसेंबरात तोच कवडसा उत्तरेकडे सरकतो आणि अंड्यासारखा लांबट होतो. आडवा मोजा, उभा मोजा : लांबी रुंदीच्या सव्वापटीहून थोडी जास्त. प्रकाश भोकातून येतोय तेवढाच, पण जास्त जमिनीवर पसरतोय, म्हणजे प्रत्येक वीतभर जमिनीच्या वाट्याला कमी. डिसेंबरच्या दुपारी आपल्या अंगणाला डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत तीन-चतुर्थांशच ऊन मिळतं ते असं. अंतराचे सात टक्के या पंचवीस टक्क्यांपुढे कुठल्या कुठे. शिवाय दिवस अकरा तासांचा. जूनमध्ये तेरा तासांचा. आपल्याकडे हा दोन तासांचाच फरक आहे, लंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांचाही नसतो आणि जूनमध्ये साडेसोळा तासांचा. म्हणून त्यांची थंडी ती थंडी आणि आपली म्हणजे पहाटे एक शाल.

एक जास्तीचं सांगतो, तुम्ही विचारलं नसलं तरी. हे जानेवारीतलं जवळ येणं कायमचं नाही. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, तिची कक्षाही फिरते, त्यामुळे जवळ येण्याची तारीख ऋतूंमधून पुढे सरकत जाते. साधारण दहा हजार वर्षांपूर्वी पृथ्वी सूर्याजवळ यायची ती उत्तरेच्या उन्हाळ्यात. तेव्हा आपला मोसमी पाऊस आजच्याहून जोरदार होता आणि आज जिथे सहारा वाळवंट आहे तिथे तळी आणि गवत होतं. तुमच्या मुलीच्या पुस्तकात हेही असतं तर मी पुस्तकाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

प्रश्न : सूर्य डोक्यावर येतो मेमध्ये, पण बागेत आंबा भाजतो मार्चमध्ये. यंदाही वाटाण्याएवढी, गोटीएवढी फळं गळाली. सूर्याचा यात काय हिशोब? (बागायतदार, देवगड)

उत्तर : सूर्याचा हिशोब सरळ आहे, मधे वारा लुडबुडतो. सूर्य हवा थेट फारशी तापवत नाही. तो जमीन तापवतो, जमीन हवेला तापवते. आता ही हवा कुठल्या जमिनीवरून आली ते महत्त्वाचं. मार्चमध्ये घाटावरची जमीन करपायला लागलेली असते आणि वारा पुष्कळदा पूर्वेचा असतो. ती हवा सह्याद्री उतरून आपल्याकडे येते. उतरताना ती दाबली जाते आणि दाबल्यामुळेच तापते, सायकलच्या पंपाचं बूड तापतं तशी. कोरडी हवा शंभर मीटर उतरली की साधारण एक अंश चढतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. तिथली पस्तीस अंशांची हवा खाली देवगडला येईपर्यंत चाळीसच्या घरात जाते ती अशी, रस्त्यात कोणी तिला आणखी ऊन न दाखवता.

एरवी अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि आपल्याला वाचवतो. मार्चमध्ये पूर्वेचा वारा त्याला अडवून धरतो. खारा वारा दोन-तीन वाजेपर्यंत आलाच नाही की पारा चढतो. मुंबईत सांताक्रुझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले. मेमध्ये एवढं सहसा होत नाही. तेव्हा समुद्रावरचा वारा सकाळपासूनच धरलेला असतो, पारा तेहतीस-चौतीसवर थबकतो. घामाच्या धारा लागतात ते वेगळं. ती आर्द्रता, तापमान नव्हे.

कातळावरच्या बागेत याच्यावर आणखी एक ताप. सड्याचा जांभा दुपारी इतका तापतो की अनवाणी पाय टेकवत नाही, आणि ती धग खालून वर फळांना लागते. फळात साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) होण्यामागे जमिनीतून येणारी ही धग हे एक मोठं कारण मानलं जातं. झाडाखाली गवताचं, पाल्याचं आच्छादन ठेवणाऱ्यांकडे साका कमी दिसतो तो म्हणून. आणि झेल्याने काढलेला आंबा उघड्या कातळावर पसरून ठेवू नका, तुम्ही ठेवत नसालच, पण गडी ठेवतात.

प्रश्न : सूर्य जूनात आमच्या डोक्यार असता. मगे पाऊस तेवाच कित्याक येता? आणि दर्या सूर्याच्या हिशोबान गरम-थंड कित्याक होईना? (रापणकार, मालवण)

उत्तर : हा प्रश्न या गठ्ठ्यातला सर्वांत चांगला आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे. रापण ओढून झाल्यावर वाचा.

सुरुवात तुमच्याच अनुभवापासून. दुपारी खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे, रात्री उलटा मतलई जमिनीकडून समुद्राकडे. शिडाच्या होड्यांच्या काळात पहाटे मतलईवर बाहेर पडायचं आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचं, हे वेळापत्रक सूर्यानेच आखून दिलेलं होतं. कारण एकच : एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात चार-पाच किलो दगडमाती तापते. वर पाणी ढवळलं जातं, ऊन आत खोलवर शिरतं, त्यामुळे तापायचा थर कित्येक मीटर जाड. जमिनीचा तापतो तो वीतभर. म्हणून वाळू दुपारी पाय भाजते आणि पाणी तेव्हाही गारच.

१६८६ साली एडमंड हॅली, तोच धूमकेतूवाला, म्हणाला की मोसमी वारा म्हणजे हाच खारा वारा, फक्त दिवसाऐवजी वर्षाचा : उन्हाळ्यात भारताची जमीन तापते, हवा वर चढते, समुद्रावरची ओली हवा आत येते. शाळेत मीही हेच शिकवलं. यात अर्धं खरं आहे. पण तुम्हीच बघा, जमीन सर्वांत तापलेली असते मेमध्ये आणि जुलैत ती भिजून गार झालेली असते, तरी पाऊस थांबत नाही. उलट ज्या वर्षी पावसाची दडी असते त्या वर्षी जमीन जास्त तापलेली असते. नुसत्या तापण्याने पाऊस आला असता तर दुष्काळ पडलाच नसता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या सुलोचना गाडगीळ यांनी हाच मुद्दा लावून धरला. मूळच्या पुण्याच्या बाई. विषुववृत्ताच्या आसपास पृथ्वीभोवती ढगांचा एक पट्टा असतो. दोन्ही गोलार्धांतले वारे तिथे एकमेकांना भिडतात आणि हवा वर चढते. सूर्य उत्तरेला सरकला की हा पट्टाही त्याच्या मागून निघतो, आणि आपल्या बाजूला तो फार वर, थेट उत्तर भारतापर्यंत येतो. मोसमी पाऊस म्हणजे त्या पट्ट्याचा आपल्याकडचा मुक्काम.

तो पट्टा इकडे आला की दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतात आणि सोमालियाच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्रावरून नैऋत्येचे होऊन येतात. वाटेत मिळेल तेवढी वाफ घेतात. पुढे सह्याद्री उभा. ओली हवा त्याच्यावर चढली की गार होते आणि पाणी सोडून देते. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, आणि घाट ओलांडून माण-खटावला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास.

आता दर्या. तो सूर्याच्या तारखा पाळत नाही कारण त्याचं जडत्व मोठं आणि पाऊस त्याच्या मधे येतो. आपल्या बाजूचा अरबी समुद्र एप्रिल-मेमध्ये सर्वांत गरम असतो, वरचं पाणी तीस अंशांच्या आसपास जातं. जूनमध्ये सूर्य माथ्यावर असूनही ढगांनी ऊन अडवलेलं, वाऱ्याने पाणी खालून वर ढवळलेलं, आणि बाष्पीभवनाने उष्णता उडवलेली. म्हणून १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक बोटींच्या मासेमारीबंदीच्या काळात, तुम्ही घरी जाळी विणत बसता तेव्हा समुद्र गार होत असतो. ढग हटले की ऑक्टोबरात पुन्हा थोडा तापतो. वर्षातून दोन चढ, दोन उतार. विलायतेतल्या समुद्राला एकच.

एक हिशोब मी मागच्या पावसात वीजबिलाच्या मागे केला, तो देतो. आमच्याकडे वर्षाला ढोबळ ३,००० मिलिमीटर पाऊस धरा. म्हणजे खळ्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३,००० लिटर पाणी. हे पाणी समुद्रातून वाफ करून वर न्यायला सूर्याने लिटरमागे सुमारे २,४५० किलोज्यूल खर्च केलेत. गुणाकार-भागाकार केला की येतं दोन हजार युनिट. एका चौरस मीटरला! आमच्या घराला दोन हजार युनिट दीड वर्ष पुरतात. आणि ही ऊर्जा फुकट जात नाही. वाफेचं पाणी झालं की ती ढगात मोकळी होते, हवा आणखी वर ढकलते, आणखी वारा ओढते. समुद्रावर पडलेलं मे महिन्याचं ऊन जुलैत आपल्या डोक्यावर गडगडतं.

प्रश्न : संक्रांतीपासून दिवस तीळतीळ मोठा होतो असं आम्ही ऐकत आलो. नातू म्हणतो, ते २२ डिसेंबरलाच सुरू होतं. कोण बरोबर? (सेवानिवृत्त शिक्षिका, अलिबाग)

उत्तर : नातू बरोबर, पण तुम्हीही एके काळी बरोबर होतात. म्हणजे तुम्ही नव्हे, तुमचे सतराशे वर्षांपूर्वीचे पूर्वज. तेव्हा सूर्याचा मकरेतला प्रवेश आणि सर्वांत लहान दिवस एकाच सुमाराला यायचे. पृथ्वीचा आस डोलतो (वर गुहागरच्या ताईंना सांगितलं तेच), एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. त्यामुळे राशींच्या तारखा ऋतूंच्या पुढे सरकतात, बहात्तर वर्षांत साधारण एक दिवस.

पण बाई, डोळ्यांना तुमचंच पटतं. रत्नागिरीत २२ डिसेंबरपेक्षा १५ जानेवारीला सूर्य सात-आठ मिनिटं उशिराच उगवतो. सकाळी दूध आणायला जाणाऱ्याला दिवस लहान होतोय असंच वाटणार. वाढलेला वेळ सगळा संध्याकाळी जमा होतो, सूर्यास्त चौदा मिनिटं पुढे गेलेला असतो. सकाळही लवकर व्हायला लागते ती जानेवारीच्या उत्तरार्धात. म्हणजे संक्रांतीच्या नंतरच. नातवाला एवढं सांगून तिळगूळ द्या.

मृगाचंही तेच आहे. ७-८ जूनला मृग लागतो तो सूर्य त्या नक्षत्रात गेला म्हणून, म्हणजे शेतकऱ्याचं पावसाळी पंचांग चंद्राचं नाही, सूर्याचं. दर वर्षी त्याच तारखेला येतं म्हणून पेरणीला ते उपयोगी. हेही सरकतंच आहे, पण आपल्या हयातीत पेरणी चुकायची नाही.

प्रश्न : तापमानवाढ सूर्यामुळेच होत असणार. सूर्यावर डाग येतात, जातात. माणसाला उगाच दोष कशाला? (चाकरमानी, गिरगाव, गाव राजापूर तालुक्यात)

उत्तर : शंका रास्त आहे, निष्कर्ष चूक.

डाग येतात-जातात हे खरं. १८४३ साली श्वाबे या जर्मन निरीक्षकाने दाखवलं की त्यांना ठरावीक आवर्तन आहे, ते सरासरी अकरा वर्षांचं. डाग जास्त तेव्हा सूर्य किंचित जास्त तेजस्वी. किती किंचित? पृथ्वीच्या वातावरणाबाहेर सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर १,३६१ वॅट पडतात. अकरा वर्षांच्या चक्रात त्यात फरक पडतो एखाद्या वॅटचा. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत डाग जवळजवळ नाहीसेच झाले होते आणि युरोपात तेव्हा कडक हिवाळे पडले, हे मान्य. त्या गारठ्यात ज्वालामुखींच्या उद्रेकांचाही हात होता.

आता आपला काळ. १९७८ पासून उपग्रह सूर्याचं तेज सलग मोजताहेत. या काळात ते वाढलेलं नाही, पृथ्वीचं तापमान मात्र वाढत गेलं. आणि एक खूण मला सर्वांत पटते. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि वरचा, स्थितांबराचा थर थंड होतोय. उष्णता येताना वाढलेली नाही. जाताना अडतेय.

अडते म्हणजे काय, हे तुमच्या गावच्या बागायतदाराला विचारा. जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की रात्री कडाक्याची थंडी पडते आणि कलमं मोहोरतात. ढग आले की त्याच महिन्यात रात्र उबदार जाते आणि तो डोक्याला हात लावतो. सूर्य तर रात्री नसतोच! जमिनीतून बाहेर पडणारी उष्णता ढगाने शोषून परत खाली टाकली, एवढाच फरक. कार्बन डायऑक्साइड हेच काम रात्रंदिवस, निरभ्र आभाळातही करतो. तो आणि वाफ नसती तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे अठरा अंश असतं. आहे ते अधिक पंधराच्या आसपास. म्हणजे थोडा हवाच. यंत्रयुगाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धनच्या बाजूला आलं, पुढच्या मेमध्ये ‘तौक्ते’ किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं. तौक्तेत माझी चार कलमं मुळासकट आडवी झाली, त्यातलं एक वडिलांनी लावलेलं. एका वादळाचं बिल तापमानवाढीच्या नावाने फाडता येत नाही, हे मी त्याही दिवशी म्हणालो होतो. पण वादळ गरम पाण्यावर पोसतं आणि अरबी समुद्र तापतोय, या दोन गोष्टी मोजलेल्या आहेत.

प्रश्न : हेलियमचा शोध आमच्या विजयदुर्गात लागला, हे खरं ना? (नववीतली विद्यार्थिनी, देवगड तालुका)

उत्तर : बाळ, पूर्ण खरं नाही, आणि त्याने विजयदुर्गाचं काही कमी होत नाही. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण तिथून दिसलं, किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ आहेत, ते ग्रहण पाहायला बांधलेले म्हणतात असे. पण ज्या लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव तिथे सांगतात तो तेव्हा इंग्लंडातच होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा अभ्यास त्या ग्रहणात जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने केला तो आंध्रात गुंटूरला. लॉकियरने ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, विलायतेतून तशीच निरीक्षणं केली. सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेघ होती, तीच हेलियमची. पृथ्वीवर हा वायू सापडायला १८९५ उजाडलं.

पण तुला ज्याचा अभिमान वाटायला हवा ती गोष्ट पुढची आहे. या पानावरचं सगळं ऊन त्या हेलियमपायी आहे. सूर्याच्या पोटात दर सेकंदाला साठ कोटी टन हायड्रोजनचं हेलियम होतं आणि त्यातलं चाळीस लाख टन वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जातं. सूर्याच्या पृष्ठभागावरून सुटलेला प्रकाश आठ मिनिटं वीस सेकंदांत ओट्यावर पोचतो. गेलीस तर पावसाळा सोडून जा, पायऱ्यांवर शेवाळ असतं.

प्रश्न : घरावर सोलर पॅनेल बसवायची आहेत. तोंड कुठे, उतार किती? (दापोली)

उत्तर : तोंड दक्षिणेला, उतार आपल्या अक्षांशाएवढा, म्हणजे दापोलीला सतरा-अठरा अंश. जून-जुलैत सूर्य उत्तरेला असतो खरा, पण तेव्हा ढगांनी कमाई आधीच बुडवलेली असते, त्या महिन्यांसाठी उतार बदलायच्या भानगडीत पडू नका. खाऱ्या वाऱ्याने पट्ट्या-बोल्ट गंजतात, ते चांगल्या प्रतीचे मागा. पावसाळा संपल्यावर काचा धुवा.

आणि सावली डिसेंबरात बघा. हे अनुभवाचे बोल आहेत. आमच्याकडे पॅनेल आली मेच्या मध्यावर. बसवणाऱ्या मुलाने विचारलं, सर, कुठे लावू? मागच्या स्लॅबवरची जागा मी स्वतः दाखवली, भर दुपारी, एक टिपूस सावली नव्हती. दक्षिणेला फणस आहे, पण मेमध्ये त्याची सावली त्याच्याच बुडाशी. पहिला पावसाळा गेला, दिवाळी झाली आणि मीटर सुस्तावला. डिसेंबरात वर जाऊन पाहिलं तर अकरा ते दोन, ऐन कमाईच्या वेळेत, फणस तिन्ही पॅनेलवर पसरून बसलेला. खाली खळ्यात पहारीची सावली ८५ सेंटिमीटर, माझ्याच हातचा चुन्याचा ठिपका.

सौ. जिन्याच्या तोंडाशी उभी होती. “अहो, ती पहार मग कशासाठी पुरलीत?” एवढंच म्हणाली.

फणस तोडायचा विषय निघाला नाही, कापा आहे आणि दर वर्षी लागतो. पॅनेल गोठ्यावर हलवली. हलवायला किती लागले तो आकडा इथे छापत नाही, हे पान घरीही वाचलं जातं.